रविवार जैनथहून येतो

रविवारची सुट्टी आपल्या लोकांना आभाळातून पडून मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी ती मागितली, सभा घेतल्या, अर्ज केले आणि अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती कबूल केली. आठवड्यातला एक दिवस माणसाला स्वतःचा, घरचा आणि चार माणसांत बसण्याचा मिळावा, एवढंच मागणं होतं. पुढे १९२६ साली अमेरिकेत हेन्री फोर्डने पाच दिवसांचा आठवडा आणून कामगारांचा शनिवारही मोकळा केला. २९ फेब्रुवारी २०२० पासून महाराष्ट्र सरकारच्या कचेऱ्याही त्याच वाटेने गेल्या. या थोर लोकांच्या हिशेबातून एक प्राणी तेवढा सुटला, तो म्हणजे कॅम्पसवर राहणारा विद्यार्थी. त्याच्याकडे शनिवार असतो, रविवार असतो, चारच काय, हजारो माणसं असतात. फक्त जायला कुठे नसतं.

या प्राण्याची पाहणी करायला तेलंगणातलं गोदाकाठचं बासर उत्तम. सरस्वतीच्या देवळाचं हे गाव. इथे २००८ साली राजीव गांधी ज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठाचा कॅम्पस निघाला. एवढं लांब नाव घ्यायला शेतकऱ्याला सवड नसते, म्हणून आदिलाबादपासून नांदेडपर्यंत सगळे त्याला नुसतं ‘ट्रिपल आयटी’ म्हणतात. खेड्यापाड्यातल्या, सरकारी शाळांतल्या हुशार मुलांसाठी काढलेलं हे विद्यापीठ. संगणकशास्त्राचं ट्युरिंग पारितोषिक मिळवलेले राज रेड्डी त्याचे कुलपती होते. दहावी झाली की पंधराव्या वर्षी आत जायचं, दोन वर्षं पीयूसी म्हणजे अकरावी-बारावी, चार वर्षं बी.टेक. आणि एकविसाव्या वर्षी इंजिनियर होऊन बाहेर पडायचं. म्हणजे मिसरूड फुटण्यापासून हुंड्याच्या चर्चेपर्यंतचा सगळा काळ एका कुंपणाच्या आत.

या कुंपणाच्या आत जैनथची मुलंही असतात. जैनथ हे आदिलाबादपासून वीसेक किलोमीटरवरचं गाव. पैनगंगा जवळच, तिच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा. शेतात कापूस, तूर, सोयाबीन. गावात लक्ष्मीनारायणाचं जुनं दगडी देऊळ, कार्तिकात त्याचा उत्सव आणि जत्रा. घराघरांत मराठी, शाळेत तेलुगू आणि बाजारात दोघींनी मिळून चालवलेली हिंदी. अशा गावातल्या पोराला दहावीला चांगले गुण पडले की बाप म्हणतो, “बासरले टाकू. लांब नाही, आपल्याच जिल्ह्यात हाय.”

हा दिलासा ११ ऑक्टोबर २०१६ पर्यंत खरा होता. त्या दिवशी जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले आणि बासर निर्मल जिल्ह्यात गेलं. मुलं वसतिगृहातल्या कॉटवर झोपलेलीच होती, जिल्हा तेवढा उठून गेला. पहिल्या तुकडीचा विक्रम तर याहून मोठा. २००८ साली ती आंध्र प्रदेशात दाखल झाली, सहा वर्षं इमानेइतबारे शिकली आणि २०१४ साली पेटी भरून निघाली तेव्हा बाहेर तेलंगण राज्य जन्माला येत होतं. सहा वर्षांत राज्य बदललं. मेसच्या सांबाराबद्दल मात्र असं काही झाल्याची नोंद नाही.

लांब नाही म्हणता म्हणता बासर आहे चांगलंच लांब. आदिलाबादहून रेल्वेने जायचं तर गाडी आधी महाराष्ट्रात शिरते. किनवट, हिमायतनगर, भोकर करत मुदखेडला येते, तिथून उमरी, धर्माबाद आणि मग पुन्हा तेलंगणात बासर. जुन्या हिशेबाने एकाच जिल्ह्यातल्या दोन गावांमधला हा प्रवास, पण अर्ध्याहून जास्त नांदेड जिल्ह्यात होतो. सडकेने जायचं तर घाट उतरून निर्मल, मग भैंसा, मग बासर. दोन्ही वाटा दमवणाऱ्या. त्यामुळे जैनथचा विद्यार्थी शनिवार-रविवारी घरी जात नाही. घरच त्याच्याकडे येतं.

ते येईपर्यंत शनिवार काढायचा असतो.

शनिवारचं सामाजिक जीवन सुरू होतं ते नळापाशी. आठवडाभर खुंटीवर साठलेले कपडे एकाच दिवशी धुवायचे असल्याने सगळा मजला बादल्या घेऊन उतरतो. इथे मैत्रीचं नाणं म्हणजे बादली. ज्याच्याकडे स्वतःची बादली आहे तो प्रतिष्ठित. ज्याच्याकडे कान न तुटलेली बादली आहे तो उमराव. साबणाची वडी तीन खोल्या फिरून येते तेव्हा तिचा पापड झालेला असतो. कठड्यांवर, खिडक्यांवर, दोरीवर कपडे सुकू लागले की खम्मम, नलगोंडा, करीमनगर, आदिलाबाद असे सगळे जुने जिल्हे शेजारीशेजारी लटकतात. संध्याकाळी कपडे काढताना त्यांची सरमिसळ होते आणि सोमवारी नलगोंड्याचा शर्ट जैनथच्या अंगावर सापडतो. राष्ट्रीय एकात्मतेवर निबंध लिहिणाऱ्यांनी हे दृश्य एकदा पाहावं.

रात्री वाढदिवस. गावी वाढदिवस ही काही मोठी बाब नव्हती. मराठवाडा-विदर्भात तर शाळेतल्या गुरुजींनी एक जूनला जन्माला घातलेली अख्खी पिढी आहे. तिने केक कापायचा ठरवला तर गावातलं पीठ संपेल. कॅम्पसवर मात्र रात्री बाराचा ठोका पडला की लाथा, मग केक, मग तोच केक तोंडाला, कानाला आणि पंख्याच्या पात्याला. कॅम्पसवर सुमारे आठ हजार मुलं धरली तर रोजचे सरासरी बावीस वाढदिवस पडतात. त्यामुळे ‘आज कोणाचा आहे’ असं कोणी विचारत नाही, ‘कितव्या मजल्यावर आहे’ असं विचारतात. जाणकार मंडळी साडेअकराला जेवणानंतरची पहिली झोप काढून उठतात आणि चार मजले फिरून पोटभर खाऊन येतात. त्यातल्या तिघांची नावंही त्यांना माहीत नसतात.

मग लॅपटॉप. या विद्यापीठाची कल्पनाच अशी की खेड्यातल्या मुलाच्या हाती संगणक द्यायचा आणि त्यावर शिकवायचं. सोमवार ते शुक्रवार ही कल्पना चालते. शनिवारी रात्री त्याच पडद्यावर तेलुगू सिनेमा लागतो आणि एका लॅपटॉपसमोर अकरा जण पोटावर पडतात. जैनथच्या पोराला इथे एक खास काम मिळतं. मराठी सिनेमा लावला की तो दुभाषा होतो. विनोद झाला की आधी तो एकटा हसतो, मग सिनेमा थांबवून समजावतो, मग बाकीचे दहा जण सभ्यपणे हसतात. तीन तासांचा सिनेमा पाच तास चालतो. पाटलाला एवढा राग का आला, हे सूर्यापेठच्या मुलाला पटवून देईपर्यंत पहाट होते.

रविवारी सकाळी गेट.

विद्येच्या जागी दारावर अडवण्याची आपली परंपरा फार जुनी. सातव्या शतकात नालंदाला आलेल्या युआन श्वांगने लिहून ठेवलंय की तिथे आत शिरणाऱ्याला दारावरच अवघड प्रश्न विचारले जात आणि दहातले सात-आठ जण तिथूनच परत जात. आता पद्धत उलटी झाली. आत येणं त्या मानाने सोपं, अवघड प्रश्न बाहेर पडताना विचारतात. “कुठे चाललास? कोणाबरोबर? परत किती वाजता? फोन नंबर कोणाचा लिहिलाय हा?” नालंदाचे पंडित निदान तत्त्वज्ञानावर विचारत असत. बाहेर पडण्याच्या परवान्यावरच्या, म्हणजे आउटपासवरच्या, प्रश्नांना तर्कशास्त्रात उत्तर नाही.

विलायतेतही फार वेगळं नाही. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात रोज रात्री नऊ वाजून पाच मिनिटांनी घंटेचे १०१ टोले पडतात. एके काळी ती गेट बंद होण्याची खूण होती. टोले एकशे एक, कारण तेव्हा कॉलेजात तेवढे विद्यार्थी होते. डोकी मोजून घंटा वाजवायची ही शिस्त बासरला आणली तर रात्री नऊला सुरू केलेली घंटा नाष्ट्याच्या वेळेपर्यंत थांबायची नाही.

बाहेर जाण्यासाठी कारण लागतं आणि कारणांचाही भाव ठरलेला असतो. दवाखाना सगळ्यात महाग, पण रोज चालत नाही. चष्मा तुटणं बरं, फक्त चष्मा हवा. देवदर्शन सर्वांत सुरक्षित, कारण सरस्वतीच्या गावात विद्यार्थ्याला सरस्वतीकडे जाण्यापासून अडवणार कोण? म्हणून रविवारी सकाळी कॅम्पसवर भक्तीची लाट येते. तिचं तोंड देवळाकडे असतं. पाय वाटेत मिरची-भजीच्या गाड्याशी थोडे घुटमळतात एवढंच.

देवळात पोचल्यावर जे दिसतं ते बी.टेक.च्या मुलांनी डोळे भरून पाहण्यासारखं आहे. बासरला लोक लहान मुलांना अक्षराभ्यासासाठी आणतात. निजामाबाद, हैदराबाद, नांदेड, परभणी, यवतमाळ, सगळीकडून. नवे कपडे घातलेलं अडीच-तीन वर्षांचं पोर बापाच्या मांडीवर, समोर पाटी, हातात पेन्सिल. पुजारी त्याचा हात धरून आयुष्यातलं पहिलं अक्षर गिरवून घेतो. पोर भोकाड पसरतं. आई टिपं पुसते, आजी कौतुकाने म्हणते, “हुशार होणार बघा माझा बाळ.” मागे रांगेत तिसऱ्या वर्षाचे चार विद्यार्थी उभे असतात. दोन विषय राहिलेले, गणित तिसऱ्यांदा बसायचं. त्या पोराचं रडणं तिथे कोणाला समजत असेल तर फक्त त्यांना.

कथा अशी सांगतात की भारतीय युद्धानंतर मन शांत करायला व्यास इथे आले. रोज गोदावरीत स्नान करून तीन मुठी वाळू आणायची, असं करत त्यांनी देवीच्या मूर्ती घडवल्या. रोज थोडं थोडं करून मोठं काम पुरं करणारा या गावातला हा बहुधा शेवटचा माणूस. त्यानंतर बासरला असाइनमेंट नावाची गोष्ट आली आणि सगळी वाळू रविवारी रात्री साडेदहानंतर एकदमच उपसायची पद्धत पडली.

अकराच्या सुमाराला जैनथ येतं.

यात ९ डिसेंबर २०२३ पासून मोठी क्रांती झालेली आहे. तेलंगण सरकारच्या महालक्ष्मी योजनेत बायकांना राज्यातल्या आरटीसीच्या, म्हणजे तिथल्या एसटीच्या, साध्या आणि एक्स्प्रेस गाड्यांत तिकीट नाही. कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडून हातात देतो. आदिलाबाद, निर्मल, भैंसा, बासर, सगळी वाट राज्यातलीच. आधी पोराला भेटायला बाप एकटा यायचा, पिशवी द्यायचा, फीचं विचारायचा आणि पुढची गाडी पकडायचा. भेटीचा कालावधी पंधरा मिनिटं, त्यातली दहा गप्प. आता माय येते, माय येते म्हणून काकू येते, काकू येते तर आजीने काय पाप केलं? बाप सोबत असतोच, पण त्या ताफ्यात पैसे मोजून आलेला तेवढा तोच. त्यामुळे तो सावलीला बसून हिशेब करत राहतो.

सीमेवरच्या घरात यालाही पोटकलमं असतात. पांढरकवड्याच्या मावशीला महाराष्ट्राच्या एसटीत मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. पण ती सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती, आणि शून्य तिकीट तेलंगणचं ओळखपत्र दाखवणारीला. म्हणजे मावशी पैनगंगेपर्यंत अर्धी आणि तिथून पुढे पूर्ण. सख्ख्या दोन बहिणी एकाच बाकावर बसून येतात, एकीच्या हातात शून्य आणि दुसरीच्या हातात पूर्ण भाड्याचं तिकीट. “तुले काय वं, तुहं सरकार चांगलं हाय,” असं मावशी निर्मलच्या घाटापासून भैंशापर्यंत म्हणत येते. दोन राज्यांच्या कारभाराची याहून नेमकी तुलना अजून कोणी केलेली नाही.

मग पिशवी उघडते. ज्वारीच्या भाकरी फडक्यात, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, शेवेचे लाडू, चिवडा आणि एका डब्यात अंबाडीची भाजी. ही अंबाडी म्हणजे कॅम्पसवरची खरी संपर्कभाषा. तेलुगू मुलांना ती गोंगूरा म्हणून पाळण्यापासून ठाऊक असते. डबा उघडताच पलीकडच्या झाडाखाली बसलेल्या वरंगलच्या कुटुंबाचं लक्ष जातं. पाच मिनिटांत इकडची अंबाडी तिकडे आणि तिकडची सकिनालू इकडे. दोन्हीकडच्या आयांना एकमेकींचं बोलणं कळत नाही, पण तेल किती आणि लसूण किती यावर अर्धा तास गप्पा चालतात. मुलं दुभाषेपण करायला पुढे सरसावतात, त्यांना दोघी मिळून गप्प बसवतात.

आईची तपासणी ठरलेली. “काहून रे, वाळला? जेवाले भेटते का नाही?” वजन चार किलोंनी वाढलेला मुलगा मान खाली घालून “भेटते” म्हणतो. वाळला नाही असं कबूल करणं म्हणजे लाडवांवरचा हक्क सोडणं. तेवढ्यात रूममेट येतो, “नमस्ते अम्मा” म्हणतो. त्याच्याही पाठीवर हात फिरतो, तोही वाळलेला ठरतो. हळूहळू ज्यांचे आई-बाप त्या रविवारी आलेले नाहीत असे सहा-सात जण आजूबाजूला घुटमळू लागतात. कोणी पुस्तक परत द्यायला, कोणी नुसतं ‘इथून चाललो होतो’ म्हणून. जैनथहून एका पोरासाठी निघालेली पिशवी नऊ जणांत वाटली जाते, आणि गेटापासून खोलीपर्यंत जाताना तिच्यातून चिवडाही जातो. खोलीवर पोचते ती पिशवी आणि आजीने खाली चुकून टाकलेली अमृतांजनची बाटली.

जेवण झालं की वडीलधारी मंडळी विश्रांती घेतात आणि कॅम्पस दाखवायची जबाबदारी मुलावर येते. इथे त्याची पंचाईत होते. रोजच्या वाटा चारच. खोली, मेस, वर्ग, पुन्हा खोली. तो आत्मविश्वासाने एका इमारतीकडे बोट दाखवून “हे ग्रंथालय” म्हणतो, आणि दारावरची पाटी वाचून काकू त्याला दुरुस्त करते.

सणांच्या वेळी हे सगळं आणखी रंगतं. जैनथच्या मुलाकडे दोन भाषांचे सण असतात, पण सुट्ट्या एकाच सरकारच्या. उगादी आणि गुढीपाडवा तर एकाच दिवशी येऊन त्याचं सरळ नुकसान करतात. बतुकम्माच्या दिवसांत मुली फुलांचे थर रचून फेर धरतात, त्यात जैनथच्या मुली भोंडल्याच्या अनुभवावर सहज खपून जातात. पोळ्याचं मात्र अवघड. शेतात नांगर न धरलेल्या वॉर्डनला, आज बैलांचा सण आहे म्हणून मला घरी जायचंय, हे सांगून पाहावं. बैल आजारी आहे का, असं तो विचारतो. कार्तिकातली लक्ष्मीनारायणाची जत्रा त्यातल्या त्यात चालते, कारण देवाला नाही म्हणण्याची तयारी कुठल्याच कार्यालयाची नसते.

या कॅम्पसने एक रविवार असा पाहिला की ज्याला कोणी सुट्टी म्हणणार नाही. १४ जून २०२२, मंगळवारी, नियमित कुलगुरू नेमा यासह बारा मागण्या घेऊन हजारो विद्यार्थी गेटच्या आतल्या बाजूला येऊन बसले. ऊन आलं, पाऊस आला, छत्र्या उघडल्या, पण बैठक मोडली नाही. शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी, २० जूनच्या रात्री, शिक्षणमंत्री सबिता इंद्रा रेड्डी आल्या, बोलणी झाली आणि मग मुलं उठली. इतर वेळी गेटच्या बाहेर पडण्यासाठी नाना सबबी सांगणारी हीच मुलं त्या आठवड्यात गेटपाशी आली, आणि बाहेर पडायचं सोडून आतच बसली. लोखंड्यांनी रविवार मागितला होता तो चार माणसांत बसता यावं म्हणून. इथे हजारो माणसं एका जागी बसली आणि त्यात कोण नलगोंड्याचा, कोण जैनथचा, हे छत्रीवरून काही कळत नव्हतं.

एरवीचा रविवार चारच्या गाडीने परत जातो. माय “अभ्यास कर” म्हणते, बाप पाचशेची नोट मुठीत कोंबतो, काकू “थंडीचं स्वेटर घालत जाय” असं मे महिन्यातही सांगते. रात्री मेसमध्ये गर्दी कमी, कारण निम्मा कॅम्पस कोणाच्या तरी पिशवीवर जेवलेला. साडेदहाला सगळे दिवे लागतात, एकाने सोडवलेली असाइनमेंट चाळीस वह्यांत उतरते आणि चाळिसांतही उत्तर त्याच ओळीत चुकतं. पहाटे दोनला शेवटचा लॅपटॉप मिटतो.

सोमवारी सकाळी वॉर्डनसमोर पुढच्या शनिवारचे अर्ज यायला लागतात. जैनथच्या पोराने कारण लिहिलेलं असतं, चुलत बहिणीचं लग्न. वॉर्डन चष्म्यावरून पाहतो. मागच्या महिन्यातही याने चुलत बहिणीचंच लग्न लिहिलं होतं, रजिस्टरमध्ये नोंद आहे, आणि तो पान उलटून ती नोंद दाखवतोही.

“सर, ती महाराष्ट्रातली,” पोरगा शांतपणे सांगतो. “ही तेलंगणातली.”